फाइल आवळणाऱ्या लायब्रऱ्यांचा इतिहास

अनेक फाइली एकत्र बांधणे आणि त्यांचा आकार कमी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. संगणकाच्या इतिहासात ती वेगवेगळ्या गरजांतून सुरू झाली. युनिक्सवर आधी बांधणारा प्रोग्रॅम आला. १९७१च्या पहिल्या आवृत्तीत ‘एआर’ होता आणि १९७९च्या सातव्या आवृत्तीत ‘टार’ आला. टार चुंबकीय टेपसाठी लिहिला होता आणि त्याची रचना आजही टेपचीच आहे. सगळा मजकूर ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांत बसवलेला, प्रत्येक फाइलीपुढे एका ठोकळ्याचे हेडर, त्यात नाव, मालक, आकार आणि वेळ. आकाराचा आकडा अष्टमान पद्धतीत, साध्या अक्षरांत लिहिलेला. शेवटी दोन रिकामे ठोकळे. टेप मागेपुढे नेणे वेळखाऊ असल्यामुळे अनुक्रमणिका ठेवलेली नाही. वाचणाऱ्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत जायचे. टार काहीही आवळत नाही, ते काम दुसऱ्या प्रोग्रॅमकडे सोपवले जाई.

आवळण्याचे शास्त्र मात्र टारपेक्षा जुने आहे. संदेशात खरी माहिती किती असते हे मोजण्याची पद्धत क्लॉड शॅनन यांनी १९४८मध्ये मांडली. १९५१मध्ये एमआयटीत रॉबर्ट फॅनो यांच्या वर्गातील विद्यार्थी डेव्हिड हफमन यांनी, जास्त वेळा येणाऱ्या चिन्हाला लहान संकेत आणि क्वचित येणाऱ्याला मोठा संकेत देण्याची सर्वोत्तम रीत शोधली. ती १९५२मध्ये प्रसिद्ध झाली. निर्णायक पाऊल पडले ते १९७७ साली. हैफाच्या टेक्नियन संस्थेतील याकोब झिव आणि अब्राहम लेम्पेल यांनी असे सुचवले, की मजकुरात आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला तर तो परत लिहू नये. ‘इतके बाइट मागे जा आणि इतके बाइट उचल’ एवढेच लिहावे. सातबाऱ्याच्या यादीत ‘गाव’, ‘तालुका’, ‘जिल्हा’ हे शब्द प्रत्येक नोंदीत येतात. या रीतीने ते एकदाच पूर्ण लिहावे लागतात.

मराठी मजकुराला ही रीत विशेष लागू पडते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे ‘महाराष्ट्र’ या एका शब्दाला तीस बाइट लागतात. पण या तीन बाइटांतला पहिला नेहमी २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. म्हणजे मजकुराचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग आधीच ठाऊक असल्यासारखा असतो आणि आवळणारा प्रोग्रॅम तो बराचसा काढून टाकतो. देवनागरीच्या साठवणुकीचा खर्च इंग्रजीच्या तिप्पट आहे, अशी तक्रार होते. ती आवळलेल्या फाइलीपुरती तरी बरीच कमी होते.

लेम्पेल आणि झिव यांनी १९७८मध्ये दुसरी एक रीत प्रसिद्ध केली. स्पेरी कंपनीतील टेरी वेल्च यांनी ती सुधारून १९८४मध्ये मांडली. तिलाच एलझेडडब्ल्यू म्हणतात. ती सोपी आणि वेगवान होती, म्हणून युनिक्सच्या ‘कॉम्प्रेस’ या प्रोग्रॅमने ती लगेच उचलली आणि १९८७मध्ये कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने आपल्या जीआयएफ चित्रांसाठी वापरली. यात एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात आली नाही. वेल्च यांच्या रीतीला डिसेंबर १९८५मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले होते आणि १९८६मध्ये स्पेरी व बरोज यांच्या विलीनीकरणातून झालेल्या युनिसिस कंपनीकडे ते गेले होते. पुढे झेडलिब या लायब्ररीचा जन्म ज्या वादातून झाला, त्याचे मूळ येथे आहे.

त्याच काळात घरगुती संगणकांवर दुसरी परंपरा वाढत होती. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने फाइली आणताना प्रत्येक मिनिटाचे पैसे पडत, आणि एका प्रोग्रॅमच्या दहा-वीस फाइली सुट्या आणणे त्रासाचे होते. म्हणून या परंपरेत बांधणे आणि आवळणे एकाच प्रोग्रॅममध्ये आले. थॉम हेंडरसन यांच्या ‘एसईए’ या छोट्या कंपनीचा ‘एआरसी’ हा प्रोग्रॅम १९८५पासून सर्वत्र पसरला. मिलवॉकी शहरातल्या फिल कॅट्झ या तरुणाने त्याच प्रकारच्या फाइली वाचणारा, पण कितीतरी वेगवान ‘पीकेएआरसी’ लिहिला. १९८८मध्ये एसईएने दावा लावला. हेंडरसन यांच्या कोडमधल्या टिपा आणि शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा कॅट्झच्या प्रोग्रॅममध्ये आढळल्याचे तुलनेत दाखवले गेले. त्याच वर्षी तडजोड झाली आणि कॅट्झला एआरसी सोडावे लागले. वापरणाऱ्यांची सहानुभूती मात्र त्याच्याकडेच राहिली. एका मोठ्या कंपनीने लहान माणसाला गाठले असा त्यांचा समज झाला होता, आणि तो चुकीचा होता. एसईएसुद्धा मूठभर माणसांची कंपनी होती.

कॅट्झने १९८९च्या सुरुवातीला झिप हा नवा प्रकार आणला. त्याबरोबर त्याने जी गोष्ट केली, ती या इतिहासातली सर्वात मोलाची मानावी लागेल. फाइलीचा प्रत्येक बाइट कुठे आणि कशासाठी आहे याचे लेखी वर्णन त्याने जाहीर केले आणि कोणालाही वापरायला मोकळे ठेवले. त्यामुळे झिप वाचणारा प्रोग्रॅम लिहायला कॅट्झचा कोड पाहावा लागत नव्हता, त्याची परवानगीही लागत नव्हती. एआरसीच्या दाव्यात जो पेच पडला होता, तो झिपमध्ये पडण्याचे कारणच उरले नाही. झिपपेक्षा चांगले आवळणारे प्रकार त्याही काळात होते आणि पुढेही आले. पण वर्णन उघडे असलेला प्रकार टिकला.

झिपची रचना टारच्या उलट आहे. प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे आवळली जाते, तिच्यापुढे लहान हेडर असते, आणि सर्व फाइलींची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी येते. तिच्याही मागे किमान २२ बाइटांची एक नोंद असते, अनुक्रमणिका कुठे सुरू होते हे सांगणारी. झिप वाचणारी लायब्ररी म्हणूनच फाइलीच्या शेवटाकडून सुरुवात करते. शेवटच्या नोंदीपाठोपाठ ६५,५३५ बाइटांपर्यंत टीप असू शकते, म्हणून तेवढे अंतर मागे येत ती नोंद शोधावी लागते. या रचनेचे दोन फायदे झाले. हजार फाइलींतली एकच हवी असेल तर बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. शिवाय झिपच्या पुढे एखादा चालणारा प्रोग्रॅम चिकटवला तरी झिप बिघडत नाही. आपोआप उलगडणाऱ्या फाइली त्यातूनच झाल्या. टारची फाइल जीझिप या प्रोग्रॅमने आवळली की ती सलग आवळली जाते, फाइलीफाइलींमधली पुनरावृत्तीही निघून जाते आणि ती अनेकदा झिपपेक्षा लहान होते. मात्र मधली एक फाइल काढायला आधीचे सगळे उलगडावे लागते. आजही प्रोग्रॅमरला या दोहोंतून निवड करावी लागते ती याच हिशेबाने.

झिपमध्ये त्या काळाच्या खुणा राहिल्या. वेळ डॉसच्या पद्धतीने नोंदली जाते, म्हणून १९८०च्या आधीची तारीख लिहिता येत नाही आणि सेकंद दोनदोनच्या पटीत येतात. आकाराची मर्यादा ४ गिगाबाइट आणि फाइलींची संख्या ६५,५३५ होती. २००१मध्ये झिप-६४ या विस्ताराने ती उठली.

१९९३मध्ये कॅट्झच्या पीकेझिप या झिप प्रोग्रॅमची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर ‘डिफ्लेट’ ही रीत रूढ झाली. डिफ्लेट म्हणजे लेम्पेल-झिव यांची १९७७ची युक्ती आणि तिच्या फळावर हफमन यांचे संकेत. ३२,७६८ बाइटांपर्यंत मागे पाहायचे, ३ ते २५८ बाइटांचा सारखा तुकडा शोधायचा आणि उरलेले सगळे लहानमोठ्या संकेतांत लिहायचे. कॅट्झने शोधाच्या एका विशिष्ट पद्धतीचे पेटंट घेतले होते. त्या पद्धतीवाचूनही डिफ्लेट लिहिता येत होते, आणि हे ओळखणारी माणसे तयार होती. १९९०पासून ‘इन्फो-झिप’ या नावाने जगभरातले स्वयंसेवक झिप आणि अनझिप हे प्रोग्रॅम सर्व प्रकारच्या संगणकांसाठी लिहीत होते. त्यांतले दोघे पुढे सर्वांना माहीत झाले. फ्रान्सचे झाँ-लू गायी यांनी आवळण्याचा भाग लिहिला आणि अमेरिकेचे मार्क अ‍ॅडलर यांनी उलगडण्याचा. पेटंटात अडकलेल्या ‘कॉम्प्रेस’ला पर्याय म्हणून याच दोघांनी ऑक्टोबर १९९२मध्ये जीझिप दिले. अ‍ॅडलर पुढे नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत मंगळावर उतरलेल्या ‘स्पिरिट’ या गाडीच्या मोहिमेचे एक व्यवस्थापक होते. झेडलिबची देखभाल ते करतच राहिले.

१९९४ हे वर्ष पेटंटांच्या भीतीचे होते. फेब्रुवारीत डिस्क आवळण्याच्या पेटंटांवरून स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीला मायक्रोसॉफ्टने १२ कोटी डॉलर द्यावेत असा निर्णय ज्यूरीने दिला. डिसेंबरच्या अखेरीस युनिसिस आणि कॉम्प्युसर्व्ह यांनी जीआयएफ लिहिणाऱ्या प्रोग्रॅमांना परवाना घ्यावा लागेल असे जाहीर केले. सात वर्षे सगळे निर्धास्तपणे वापरत असलेला चित्रांचा प्रकार एका दिवसात अडचणीचा झाला. जानेवारी १९९५च्या पहिल्या आठवड्यात थॉमस बूटेल यांनी नव्या प्रकाराचा आराखडा मांडला. त्यातून पीएनजी तयार झाले. पीएनजीला पेटंटमुक्त आवळण्याची रीत हवी होती आणि डिफ्लेट तशी होती. पण ती अडकली होती प्रोग्रॅमांच्या पोटात. चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला तिचा उपयोग करायचा, तर तिला वेगळे काढावे लागणार होते.

गायी आणि अ‍ॅडलर यांनी ते केले आणि १ मे १९९५ रोजी झेडलिबची पहिली जाहीर आवृत्ती बाहेर आली. येथून प्रोग्रॅमचा इतिहास संपून लायब्ररीचा सुरू होतो, आणि हा फरक तपशिलाने पाहण्यासारखा आहे. प्रोग्रॅम फाइल घेतो आणि फाइल देतो. झेडलिबला फाइल म्हणजे काय हेच माहीत नाही. वापरणारा तिला स्मृतीतली एक जागा दाखवतो, ‘येथे इतके बाइट आहेत’. दुसरी जागा दाखवतो, ‘येथे इतके बाइट मावतील’. लायब्ररी जमेल तेवढे काम करते आणि परतते. माहिती संपली असेल तर वापरणारा आणखी देतो, जागा भरली असेल तर ती रिकामी करून देतो, आणि पुन्हा हाक मारतो. सुरू करणे, पुन्हापुन्हा चालवणे आणि बंद करणे, एवढीच तीन मुख्य फंक्शने. त्यामुळे तीच लायब्ररी डिस्कवरच्या फाइलीला, जाळ्यावरून थेंबाथेंबाने येणाऱ्या पानाला आणि स्मृतीतल्या चित्राला सारखीच चालते. आवळताना तिला साधारण २५६ किलोबाइट स्मृती लागते. उलगडताना त्याहून पुष्कळ कमी. म्हणून लहान यंत्रांतही ती मावली.

परवानाही तितकाच मोकळा होता. वापरा, बदला, विका. मूळ लेखक आपणच असल्याचा दावा करू नका आणि बदललेला कोड मूळ म्हणून देऊ नका, अशा मोजक्याच अटी. मे १९९६मध्ये झेडलिब, डिफ्लेट आणि जीझिप यांची वर्णने इंटरनेटच्या आरएफसी मालिकेत १९५०, १९५१ आणि १९५२ या क्रमांकांनी प्रसिद्ध झाली. डिफ्लेटचे वर्णन पीटर डॉइच यांनी लिहिले. तांत्रिक लेखन किती नितळ असू शकते याचा तो नमुना आहे. तेवढ्या पानांवरून एखादा विद्यार्थी उलगडणारा प्रोग्रॅम स्वतः लिहू शकतो. युनिसिसचे अमेरिकेतले पेटंट जून २००३मध्ये संपले, तोवर एलझेडडब्ल्यूची गरज संपलेली होती.

त्यानंतरची दहा वर्षे पसरण्याची होती. १९९७च्या जावा १.१मध्ये झिप वाचण्या-लिहिण्याचे पॅकेज आले आणि जावाच्या जार फाइली झिपच होत्या. पायथनमध्ये झिपफाइल आणि टारफाइल ही मॉड्यूल भाषेबरोबरच मिळू लागली. त्यातला एक तपशील नवख्यांना अजून चकवतो. पायथनचे झिपफाइल, वेगळे सांगितले नाही तर, फाइली नुसत्या बांधते, आवळत नाही. वापरणाऱ्याला दिसेनासे झालेले झिप मग सर्वत्र शिरले. ओपन डॉक्युमेंट, २००७च्या ऑफिसपासूनच्या वर्डच्या फाइली, ईपब पुस्तके, अँड्रॉइडची अ‍ॅप, सगळ्यांच्या आत झिप आहे. मराठी ई-पुस्तक उघडणारा वाचक प्रत्यक्षात एक झिप उघडत असतो. ईपबच्या नियमाप्रमाणे तिच्यातली पहिली छोटी फाइल मुद्दाम न आवळता ठेवलेली असते, पुस्तकाचा प्रकार ताबडतोब ओळखता यावा म्हणून.

दरम्यान आवळण्याच्या रीती वाढल्या. ज्युलियन सीवर्ड यांचे बीझिप२ १९९६मध्ये, इगोर पावलोव यांचे सेव्हन-झिप १९९९मध्ये आले. रशियात तर १९९३पासूनच रार होते. प्रत्येक प्रकाराला वेगळी लायब्ररी आणि प्रत्येकीची वेगळी तऱ्हा. यावर टिम किंट्झल यांनी फ्रीबीएसडी या प्रणालीसाठी लिहिलेली लिबअर्काइव्ह ही उत्तम तोड ठरली. २००४च्या फ्रीबीएसडी ५.३मध्ये ती आली. तिचे काम साधे आहे. नवा वाचक तयार करायचा, त्याला सर्व प्रकार ओळखायला सांगायचे, फाइल उघडायची, मग पुढचे हेडर मागायचे आणि डेटा वाचायचा, हेडर संपेपर्यंत. प्रकार ओळखण्यासाठी आत लिलावासारखी योजना आहे. प्रत्येक प्रकाराचा वाचक सुरुवातीचे बाइट पाहून बोली लावतो आणि सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याकडे काम जाते. पूर्ण रचना प्रवाहाची आहे. शक्य तेथे मागे न वळता, पुढे जाताजाताच वाचायचे. टेपची जुनी शिस्त अशा रीतीने जाळ्याच्या काळात पुन्हा उपयोगी पडली. २०१८पासून विंडोज १०मध्ये मिळणारी टार ही आज्ञा याच लायब्ररीवर उभी आहे आणि २०२३मध्ये विंडोज ११ने रार आणि सेव्हन-झिप उघडण्यासाठी तिचाच आधार घेतला.

मराठी वापरणाऱ्यांना या लायब्रऱ्यांनी दीर्घकाळ दिलेला त्रास फाइलींच्या नावांचा. झिपच्या मूळ वर्णनात नावे आयबीएम पीसीच्या ४३७ क्रमांकाच्या अक्षरसंचात असत, आणि त्यात देवनागरी नव्हती. नाव यूटीएफ-८मध्ये आहे असे सांगणारी खूण २००६मध्ये वर्णनात आली. ती न लावता देवनागरी नाव लिहिले, तर वाचणारी लायब्ररी बाइट जुन्या संचाप्रमाणे वाचते. त्या संचात २२४ म्हणजे ग्रीक आल्फा आणि १६४ म्हणजे डोक्यावर लहर असलेला स्पॅनिश एन. त्यामुळे ‘अर्ज’ किंवा ‘निकाल’ अशा नावाची फाइल उलगडल्यावर आल्फा आणि एन यांची माळ दिसते. अशी नावे बिघडलेली दिसली तरी हरवलेली नसतात. ती जुन्या संचात परत बाइट करून यूटीएफ-८ म्हणून वाचली की मूळ नाव मिळते. टारच्या मूळ हेडरात नावाला १०० बाइट आहेत, म्हणजे देवनागरीची जेमतेम ३३ चिन्हे, काना-मात्रा धरून. पॅक्स या नंतरच्या मानकाने ती अडचण दूर केली आणि नावांसाठी यूटीएफ-८ ठरवून दिले.

एवढ्या ठिकाणी पोचलेल्या कोडमधली चूकही तेवढ्याच ठिकाणी पोचते. मार्च २००२मध्ये झेडलिबमध्ये स्मृतीचा एकच तुकडा दोनदा मोकळा करण्याची चूक सापडली, तेव्हा ती लायब्ररी वापरणारे असंख्य प्रोग्रॅम एकदम दुरुस्त करावे लागले. काही धोके मात्र कोडच्या चुकांतून येत नाहीत, ते फाइलींच्या प्रकारांतच आहेत. ‘४२.झिप’ ही ४२ किलोबाइटची फाइल, आतल्या झिपच्या आतल्या झिप उलगडत गेल्यास, ४.५ पेटाबाइट होते. म्हणून आकारावर मर्यादा वापरणाऱ्यानेच घालावी लागते. दुसरा धोका नावांतून येतो. फाइलीच्या नावात ‘वरच्या डिरेक्टरीत जा’ असे दोन टिंबांनी लिहिले असेल आणि लायब्ररीने ते पाळले, तर उलगडलेली फाइल भलत्याच जागी, प्रणालीच्या एखाद्या महत्त्वाच्या फाइलीवर पडते. पायथनच्या टारफाइलमध्ये हा दोष २००७मध्ये नोंदवला गेला होता. तो कागदोपत्री इशारा देऊन तसाच ठेवला गेला. वापरणाऱ्याने काळजी घ्यावी ही भूमिका लाखो प्रोग्रॅमांत पसरलेल्या लायब्ररीला शोभणारी नव्हती. २०२३च्या पायथन ३.१२ने त्यासाठी गाळणीची सोय रूढ केली आणि ३.१४मध्ये सुरक्षित गाळणी आपोआप लागू झाली.

सर्वांत गंभीर प्रसंग २०२४चा. एक्सझेड ही पावलोव यांच्या रीतीवर आधारलेली लायब्ररी फिनलंडचे लासे कॉलिन अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने, विनामोबदला सांभाळत होते. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोनेक वर्षे मदत करून त्यांचा विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. त्यातला कोड चाचणीसाठी ठेवलेल्या आवळलेल्या फाइलींत लपवला होता, आणि तो जागा करणारी ओळ फक्त वाटल्या जाणाऱ्या टार फाइलीत होती, सर्वांना दिसणाऱ्या कोडच्या भांडारात नव्हती. दूरच्या संगणकावर लॉगिन करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे पाहून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला आणि २९ मार्च रोजी चोरदरवाजा उघड केला. त्याच नावाने २०२१मध्ये लिबअर्काइव्हमध्येही एक संशयास्पद बदल गेला होता, तो मग मागे घेतला गेला. कॉलिन यांनी मे महिन्यात स्वच्छ आवृत्ती ५.६.२ दिली.

कॅट्झ एप्रिल २०००मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, मिलवॉकीतल्या एका मोटेलमध्ये मरण पावला. लेम्पेल आणि झिव दोघेही २०२३च्या सुरुवातीला, दोन महिन्यांच्या आत गेले. यान कोले यांची झेडस्टँडर्ड ही रीत फेसबुकने २०१६मध्ये खुली केली. डिफ्लेटपेक्षा ती वेगवान आहे आणि जास्त आवळते. ऑक्टोबर २०२५च्या पायथन ३.१४मध्ये ती भाषेबरोबरच मिळू लागली. तरीही पीएनजी चित्रांत आणि ईपब पुस्तकांत १९९६च्या वर्णनाबरहुकूम डिफ्लेटच वापरले जाते.